कोरडं टोक

उस्मानपुऱ्यात एका पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या आहेत. जिन्याच्या पायऱ्यांवर बारा महिने पिठाची पांढरी धूळ बसलेली असते, आणि वर जाणाऱ्याच्या चपलांचे ठसे त्यात संध्याकाळपर्यंत टिकतात. वैजनाथ धारूरकरांनी त्या खोल्यांत चौतीस वर्षं काढली. भुवया आधी पिठानं पांढऱ्या झाल्या आणि मग वयानं, त्यामुळे पांढऱ्या झाल्या कधी ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या पत्नी भानुमतीबाई म्हणत, "आमच्याकडे माणूस घरात घ्यायच्या आधी दारात झटकून घ्यावा लागतो."

खोल्यांत विहीर नोंदणी मंडळ होतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर चार शहाण्या माणसांनी मिळून काढलेली लहानशी संस्था. काम एकच. जिल्ह्यातल्या एकशे सतरा विहिरी दर अमावास्येला मोजायच्या आणि लिहून ठेवायच्या. अमावास्येला बैल जुंपत नाहीत, माणूस मोकळा असतो, आणि तारीख कुणाला सांगावी लागत नाही, म्हणून अमावास्या. प्रत्येक विहिरीचा एक मापणारा ठरलेला. त्याच्याकडे एक दोरी, खाली बांधलेला दगड, आणि हाताहातावर मारलेली गाठ. दगड सोडायचा, पाण्याला लागला की थांबायचं, आणि काठापासून किती गाठी खाली गेल्या ते मोजायचं.

मापाचा हिशेब असा उलटा असल्यामुळे एक अडचण होती. शून्य म्हणजे पाणी काठाला, विहीर तुडुंब. मग कोरड्या विहिरीला काय लिहायचं? मंडळाचा जुना कारकून रामकिसन यानं ते कधीच ठरवून टाकलं होतं. वहीत विहिरीचं नाव, अमावास्या, मापणाऱ्याचं नाव लिहायचं आणि पुढची जागा मोकळी ठेवायची. मापणाऱ्यांनाही ते पटलं. विहिरीच्या तोंडावर उभं राहून "कोरडी" म्हणायला कुणाची जीभ रेटत नसे. ते येऊन नुसती मान हलवत आणि रामकिसन जागा सोडून देई.

वैजनाथराव पंच्याऐंशी साली इथं आले ते दप्तर सांभाळायला. आजोबा निजामाच्या कचेरीत मोडी आणि उर्दू दोन्ही लिहीत, वडील तहसिलात नकला करीत. घराण्यात कुणी कधी काही घडवलं नव्हतं. दुसऱ्यांनी घडवलेलं नीट उतरवून ठेवायचं, एवढंच. वैजनाथरावांना त्याची थोडी खंत होती. ते ती बोलून दाखवत नसत, पण एखादा नवा पूल, नवी इमारत पाहिली की बराच वेळ बघत उभे राहत.

अठ्ठ्याण्णव साली कुणीतरी मंडळाला एक संगणक दान दिला. रामकिसननं पाच-सहा वर्षं खपून सगळ्या वह्या त्यात चढवल्या. एका नोंदीची एक फाइल, फाइलीच्या नावात विहीर, अमावास्या आणि मापणारा. पुढं वाळवीनं वह्या खाल्ल्या, तेव्हा सगळे म्हणाले, बरं झालं चढवल्या होत्या. दोन हजार तीनला दुसरा संगणक आला. पहिल्याचं नाव थोरली पडलं, दुसऱ्याचं धाकटी.

धाकटीसाठी संगणक चालवायची प्रणाली विकत घेणं मंडळाला झेपणारं नव्हतं. वैजनाथराव शहागंजात फकिराच्या दुकानात गेले. फकिरा जुनी मासिकं, जुने रेडिओ, जुन्या यंत्रांचे सुटे भाग असं सगळं विके. त्याच्या रद्दीत एका संगणकाच्या मासिकाला चिकटलेली चकती मिळाली. तिच्यात एक ओपन सोर्स प्रणाली होती. फुकट, आणि आतला सगळा मजकूर उघडा. ज्याला वाटेल त्यानं वाचावा, चुकलं असेल ते दुरुस्त करून पाठवावं. दप्तर सांभाळणाऱ्या माणसाला ही कल्पना इतकी आवडली की ते दोन दिवस जेवताना तेच बोलत होते.

पण नोंदी थोरलीत आणि काम धाकटीवर. थोरलीचं फोल्डर धाकटीवरून उघडावं लागे, आणि त्यासाठी त्या प्रणालीत एक छोटं साधन होतं. वैजनाथराव त्याला जोडणी म्हणत. ती मधूनच तुटे. त्यांनी प्रणालीबद्दल ईमेलवर चर्चा चालणाऱ्या यादीवर तक्रार लिहिली. उत्तर आलं, हे साधन बघायला सध्या कुणी नाही, तुम्हीच बघता का? वैजनाथरावांनी आठ महिने पुस्तकं आणून, जोडणीची ओळ न् ओळ वाचून काढली आणि सापडलेली चूक दुरुस्त करून पाठवली. मग दुसरी. दोन हजार सहा साली जोडणीच्या मजकुराच्या माथ्यावर, सांभाळणारा म्हणून, त्यांचं नाव लागलं. व्ही. धारूरकर, औरंगाबाद. त्या दिवशी त्यांनी पेढे आणले.

"कसले पेढे?" भानुमतीबाईंनी विचारलं.

"नाव लागलं."

"कुठं?"

त्यांनी समजावून सांगितलं. भानुमतीबाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे जगात कुठंही ते यंत्र लागलं की आत तुमचं नाव असणार, आणि ते कुणालाही दिसणार नाही."

"अगदी बरोबर."

"मग एक पेढा देवाला ठेवते. त्याचंही तसंच आहे."

*

संगणकांच्याही बोली असतात. दोन यंत्रं एकमेकांना फोल्डर दाखवतात तेव्हा ती एका ठरलेल्या बोलीत बोलतात. थोरलीला येत होती ती त्या बोलीची सगळ्यात जुनी तऱ्हा. त्या बोलीत दाराला कडी नव्हती. परवलीचा शब्द जवळजवळ ओरडूनच सांगावा लागे. नव्या यंत्रांनी नवी बोली घेतली, जिला कडी होती, कुलूप होतं. थोरलीला ती शिकवणं शक्य नव्हतं, आणि जोडणीलाही फक्त जुनीच येत होती.

यादीवर डेन्मार्कचा एक भला माणूस होता. प्रणालीतलं जुनं, धोक्याचं सामान काढून टाकण्याचं काम त्याच्याकडे. दोन हजार बाराच्या अखेरीला त्यानं पहिल्यांदा विचारलं, ही जोडणी अजून कुणी वापरतं का? वैजनाथरावांनी लिहिलं, एकशे सतरा विहिरी वापरतात. तो बुचकळ्यात पडला. त्यांनी सगळं सविस्तर कळवलं, शेवटी लिहिलं, यंदा दुष्काळ आहे, एवढा उन्हाळा जाऊ द्या.

उन्हाळा गेला. पंधरा-सोळाला पुन्हा दुष्काळ, पुन्हा पत्र, पुन्हा तेच उत्तर. सतरा सालच्या मे महिन्यात जगभरच्या संगणकांना एक रोग लागला, तो याच जुन्या बोलीच्या फटीतून शिरला. डेन्मार्कच्या माणसानं अतिशय सभ्य शब्दांत लिहिलं की आता तारीख ठरवू या. वैजनाथरावांनी आणखी एक वर्ष मागून घेतलं.

"काय म्हणतात तुमचे डेन्मार्कचे व्याही?" भानुमतीबाई विचारत.

"तारीख मागतात."

"मग द्या की. मुलगी काय जन्मभर घरात ठेवायची?"

मधल्या काळात शहर चहूबाजूंनी वाढत गेलं. बीड बायपासच्या पलीकडं, जिथं मेंढरं बसायची, तिथं आठ-आठ मजले उभे राहिले. एकशे सतरांतल्या अकरा विहिरी शहरानं पोटात घेतल्या. एकीवर आता मोटारी लागतात, एकीवर मुलांची घसरगुंडी आहे. मापणारे येऊन सांगत, विहीरच नाही राहिली. त्याला काय लिहायचं हे मात्र रामकिसननं ठरवलं नव्हतं, आणि सोळा साली तो गेला. त्याच्या जागी ज्ञानेश्वरी आली. खुलताबादेपलीकडच्या वाडीवरची, मेंढपाळाच्या घरातली, लग्न होऊन मुकुंदवाडीला दिलेली. तिची आई बानाबाई मंडळाची सगळ्यात जुनी मापणारी होती. रामकिसननं मरणापूर्वी दोन महिने बसून ज्ञानेश्वरीला काम शिकवलं.

एकोणीसच्या फेब्रुवारीत शेवटचं पत्र आलं. त्या दिवशी सहा दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. घरातली पिंपं, हंडे, पातेली, देवाचा तांब्यासुद्धा भरून झाला होता, आणि दोघं ओल्या फरशीवर पाय सोडून बसली होती.

"यावेळी काय कारण सांगू?" वैजनाथराव म्हणाले.

"दुष्काळ आहेच."

"तो दर वेळी सांगितला."

भानुमतीबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "अहो, खरं सांगा. अडलंय ते विहिरींचं, की माथ्यावरच्या नावाचं?"

वैजनाथरावांनी पातेल्यातल्या पाण्याकडं पाहिलं. पाणी अजून हलत होतं. बासष्ट वर्षांच्या माणसाला बायकोपाशी खोटं बोलायला लागतो तेवढा वेळ त्यांनी घेतला, आणि मग खोटं बोलले नाहीत.

"नावाचं," ते म्हणाले. "नोंदी उतरवायला महिना पुरे."

दुपारी त्यांनी डेन्मार्कला शब्द दिला. दहा जून. दहा जूनला मी स्वतः जोडणी काढून टाकीन.

*

मे महिन्यात एक नवं यंत्र आलं आणि वैजनाथराव नोंदी उतरवायला बसले. ज्ञानेश्वरीनं विचारलं, "सर, मी काही करू का?"

"नको. हे माझं काम."

ते एकटेच करत राहिले. उतरवून घ्यायची चार ओळींची आज्ञा त्यांच्याकडे दोन हजार नऊपासून तयार होती. दर महिन्याची जादा प्रत ते तिनंच काढत. खालून गिरणीची घरघर, समोर एकामागून एक सरकणारी नावं. पंधरा दिवसांनी काम संपलं. त्यांनी दोन्हीकडच्या नोंदींचं एकूण आकारमान काढलं. थोरलीत जेवढं, तेवढंच नव्यात. शेवटचा आकडासुद्धा जुळला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

तीन जूनला, वैशाखी अमावास्येच्या दुपारी, भानुमतीबाई हळदकुंकू घेऊन जिना चढून आल्या. थोरलीच्या पत्र्याला बोटं लावली आणि म्हणाल्या, "वीस वर्षं न झोपता काढलीस, बाई." वैजनाथरावांनी थोरली बंद केली. पंख्याचा आवाज खाली खाली गेला, थांबला, आणि खोलीत एक नवीच शांतता आली. ती कुठून आली हे कळायला ज्ञानेश्वरीसकट तिघांनाही क्षणभर लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बानाबाई आली. डोईवर पदर, खांद्यावर दोरीचं वेटोळं. तिनं येऊन नुसती मान हलवली. ज्ञानेश्वरीला कळलं.

"बस, माय. पाणी पी."

"पाणी पिते. आधी ते नवं यंत्र दाव. लई नाव ऐकलं. माझी हीर कुठंय त्यात?"

ज्ञानेश्वरीनं वाडीची विहीर उघडली. फायलींची रांग खाली घसरत गेली. बानाबाईला वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं.

"हे कंचं साल?"

"हे बारा साल, माय."

"बाराच्या पोळ्यापास्नं तेराच्या आखाडापस्तोर हीर कोरडी व्हती. अधिक म्हैना धरून बारा अमुशा. त्या कुठंत?"

ज्ञानेश्वरी त्या रांगेत खाली गेली, वर आली. "सर," ती म्हणाली, "बाराच्या पोळ्यानंतर एकदम तेराचा श्रावण येतोय. मधलं काहीच नाही."

"नसेल नोंद आली," वैजनाथराव म्हणाले.

"नसंल आली?" बानाबाई उठून उभी राहिली. "भाऊ, त्या साली वाडी सोडून समदी मेंढरं घेऊन गोदेकडं गेली. माझा मालक गेला, पोरं गेली. म्या ऱ्हायले. कशापायी ऱ्हायले? दर अमुशाला जाऊन त्या कोरड्या हिरीत धोंडा सोडाया. खडकाव आपटून ठण्ण वाजायचा. तो आवाज मी आजबी ऐकते. आन् तुमी म्हंता नोंद नसंल आली! मंग मी काय वर्षभर शहागंजात बांगड्या भरत व्हते?"

ज्ञानेश्वरी हळू आवाजात म्हणाली, "सर, कोरड्या विहिरीची फाइल आम्ही रिकामी ठेवतो. रामकिसनकाकांनी तसंच शिकवलं. नाव घालायचं, आत काही लिहायचं नाही. माझ्या एकटीच्या हातच्याच मागच्या सालात तीनशेवर असतील."

तेव्हा त्यांना ती ओळ आठवली. दोन हजार नऊला भारनियमन होतं. थोरली बॅटरीवर जागी राही, पण मध्येच वीज जाऊन धाकटी विझली की अर्धवट राहिलेल्या रिकाम्या फायली मागं पडत. हा कचरा जादा प्रतीत कशाला, म्हणून त्यांनी आज्ञेत एक ओळ वाढवली होती. आत काही नसेल ती फाइल सोडून द्यावी. दहा वर्षं ती ओळ निमूटपणे आपलं काम करत होती. आणि आकारमान जुळलंच असतं. रिकाम्या फायलीला वजन नसतं.

तेरा वर्षं त्यांनी जोडणीचा नळ सांभाळला होता. त्यातून काय वाहतं हे एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. चौतीस वर्षं ज्या दप्तरापाशी बसले, त्यातला कोरड्या विहिरीचा रिवाज त्यांना माहीत नव्हता, आणि चार वर्गांपुरती शाळा पाहिलेल्या रामकिसननं तो पाळला होता. दुष्काळाची सगळी सालं नव्या यंत्रात अशी दिसत होती, की कुणी विहिरीकडं फिरकलंच नाही.

त्यांनी थोरलीचं बटन दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. आत कुठंतरी एक बारीकशी टिक वाजली आणि विझली. वीस वर्षं जागं असलेलं यंत्र एकदा झोपलं की उठेलच असं नसतं. याच भीतीनं तर ते कधी बंद केलं नव्हतं.

*

वैजनाथराव धाकटीसमोर बसले आणि डेन्मार्कला पत्र लिहू लागले. यावेळी कारण खरं होतं. बोटं भराभर चालत होती, जरा जास्तच भराभर. एक वर्ष द्या. नोंदी अडकल्या आहेत. जोडणी राहू द्या. त्यांनी पत्र पुन्हा वाचलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला आतून बरं वाटतंय.

मागं बानाबाई जमिनीवर बसून आपली दोरी सोडवत होती. एका जागी तिचे पीळ सुटत आले होते.

"ही आता जाती," ती लेकीला म्हणाली. "नवी करावी लागंल."

वैजनाथरावांनी वळून विचारलं, "जुनीच गाठ मारून नाही का चालत, बानाबाई?"

"चालती की. पर हिरीवर पोरं आसत्यात. तुटून धोंडा कुणाच्या टाळक्यात पडला म्हंजी? दोरी जुनी झाली की तिचा जीव हाय तवर नवी करून घ्यावी. मेल्याव मग मापं कशी उतरवणार?"

"कशी उतरवता?"

तिला हा प्रश्न फारच सोपा वाटला. तिनं दोरी खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरली. "ही अशी. श्येजारी नवी. हितं गाठ, तितं गाठ. हितं गाठ, तितं गाठ." वरच्या टोकाशी येऊन ती थांबली. तिथं चार हात दोरीला एकही गाठ नव्हती. "आन् हे बी उतरवायचं. ह्ये कोरडं टोक. पाण्यात कधी जात नाय. पर ह्येच तर हातात आसतंय. ह्ये न्हाई घेतलं, तर समद्या गाठी घेऊन दोरी हिरीत जाती." तिनं त्यांच्याकडं पाहिलं, आणि तिचा आवाज जरा निवळला. "तुमी गाठी मोजल्या, भाऊ. टोक सोडलं. व्हतंय."

वैजनाथरावांनी धाकटीकडं तोंड केलं आणि लिहिलेलं पत्र पुसून टाकलं.

"ज्ञानेश्वरी, स्क्रू ड्रायव्हर आण."

थोरलीचं झाकण उघडलं तर आत वीज पुरवणाऱ्या डब्यावर बोटभर पिठाचा थर. वीस वर्षांचं पीठ, दमट पावसाळ्यांनी आवळून आलेलं. पंख्याच्या पात्यांमध्ये तर त्याचा पापडच जमला होता.

"अगं बाई," ज्ञानेश्वरी म्हणाली, "हिला तर आपण भाकरी खायला घालत होतो."

तो डबा जळला होता. तसला डबा आता कुणी बनवत नव्हतं. वैजनाथराव रिक्षा करून शहागंजला गेले. फकिरा आता सत्तरीचा होता, दुकान निम्म्यानं आकसलं होतं. त्याला मराठी उत्तम येई, पण दुकानात तो ती वापरत नसे. त्यानं जळका डबा उलटासुलटा करून पाहिला.

"क्या धारूरकरसाब, अब्बीतक इसकोच लेके बैठे? म्यूजियमवाले आके ले जाते तुमकू, यंत्र के साथ."

"मिळेल का नाही ते सांग."

"मिलता ना. काय कू नै मिलता. इधर सब कुच मिलता, सिर्फ पानी नै मिलता." तो आत गेला, आणि बराच वेळ पत्रे सरकल्याचे आवाज येत राहिले. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दोन डबे होते. "दोनों लेके जाव. एक जला तो दूसरा. और सुनो, चालू हुआ तो बंद नक्को करना, जबतक काम नै होता."

"ते आता कळलंय," वैजनाथराव म्हणाले.

पहिला डबा चालला नाही. दुसरा चालला. चार तारखेच्या दुपारी तीनला पंखा आधी खरखरला, मग घरघरला, आणि मग त्याला जुना सूर सापडला. बानाबाई एसटी चुकवून बसून राहिली होती. तिनं कानशिलावर बोटं मोडली.

यावेळी वैजनाथरावांनी आज्ञेतली ती ओळ काढली आणि ज्ञानेश्वरीला शेजारची खुर्ची ओढायला सांगितलं. जोडणी लागली. थोरली आपल्या कडी नसलेल्या, जुन्या बोलीत बोलू लागली आणि रिकाम्या फायली एकेक करून पलीकडं जाऊ लागल्या. पाच दिवस लागले. ज्ञानेश्वरी विहिरीचं नाव वाचायची, वैजनाथराव दोन्हीकडच्या फायली मोजायचे. वजन नाही, संख्या. हितं गाठ, तितं गाठ. मधल्या वेळात ती त्यांना एकेका मापणाऱ्याबद्दल सांगे. हा बैलगाडीखाली गेला, ही अजून मोजते, यानं शेवटी विहिरीतच जीव दिला आणि पुढच्या अमावास्येला त्याच्या बायकोनं त्याची दोरी उचलली. वैजनाथरावांना ही नावं बारा-पंधरा वर्षं डोळ्यांसमोरून सरकताना दिसली होती. ती माणसं आहेत हे आत्ता कळत होतं.

रिकाम्या फायली चार हजार तीनशे बारा भरल्या. काही खरोखरच भारनियमनाचा कचरा असतील. पण कुठल्या ते सांगता येत नव्हतं, म्हणून त्यांनी सगळ्या ठेवल्या.

*

दहा जूनला सोमवार होता. डेन्मार्कात सकाळ झाली तेव्हा इथं दुपारचं जेवण आटोपलं होतं. यादीवर त्या माणसानं रीतीप्रमाणे विचारलं, ही जोडणी अजून कुणी वापरतं का? वैजनाथरावांनी लिहिलं, नाही. शेवटचा वापरणारा मीच होतो. काल थांबलो.

मग त्यांनी बदल तयार केला. जोडणीच्या साडेसहा हजार ओळी पडद्यावर आल्या आणि प्रत्येक ओळीच्या आधी वजाबाकीची, ओळ काढल्याची, एक खूण लागली. सगळ्यात वर त्यांचं नाव. त्याच्याआधीही. ते त्या खुणेकडं जरा वेळ बघत राहिले. शहरात कुठंही नवी इमारत दिसली की बघत तसे. मग त्यांनी बदल पाठवून दिला.

अर्ध्या तासानं डेन्मार्कचं उत्तर आलं. तेरा वर्षं तुम्ही हे सांभाळलंत, तुमचे आभार. आणि खाली एक ओळ, विहिरींना पाणी आहे का?

संध्याकाळी भानुमतीबाईंनी दारात त्यांना झटकून घेतलं. "झालं लग्न?"

"झालं."

"रडलात?"

"डोळ्यात पीठ गेलं."

"चौतीस वर्षं तेच जातंय," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या भुवईवरचं पीठ पदरानं टिपून घेतलं.

पण हे संध्याकाळचं. त्याआधी, उत्तर येऊन गेल्यावर, ज्ञानेश्वरीनं नव्या यंत्रावरची पहिली नोंद घातली. एवढे दिवस ती तिनं मुद्दाम अडवून ठेवली होती. वाडीची विहीर, वैशाख अमावास्या, बानाबाई. नाव लिहून झाल्यावर तिनं फाइल तशीच बंद केली.

"थांब," वैजनाथराव म्हणाले. "एकदा बघू दे."

त्यांनी फाइल उघडली. पांढऱ्या पडद्यावर कोपऱ्यात तेवढी रेघ लुकलुकत होती. त्यांनी वरपासून खालपर्यंत नीट वाचल्यासारखं पाहिलं. आत काही नव्हतं.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि फाइल जपून बंद केली.